वहिनीच्या हातचं

आमच्या घरात दोन आवाज होते आणि त्यांचं एकमेकांशी पटत नव्हतं. एक आईच्या खवणीचा. सकाळी नळ यायच्या आधी ती खाली बसून नारळ खवायला घ्यायची आणि त्या खरखरीने आम्ही उठायचो. दुसरा आवाज नंतर आला, वहिनीबरोबर, तिच्या माहेरच्या लोखंडी खलबत्त्याचा. त्यात ती भाजलेले शेंगदाणे कुटायची आणि चारकोपच्या सेक्टरमधलं आमचं ते घर, म्हणजे बाहेरची खोली, आत स्वयंपाकघर आणि वर डोकं पत्र्याला लागेल असा माळा, सगळं हादरायचं. आई म्हणायची, घर आहे की कारखाना. मिल बंद पडल्यापासून बाबा इंडस्ट्रियल इस्टेटमध्ये वॉचमन होते, त्यांना कारखान्याचं कौतुक नव्हतं नि वावडंही नव्हतं, ते पेपर तोंडासमोर धरून बसायचे. आमचं गाव मालवणच्या पलीकडे, त्यामुळे जेवण म्हणजे नारळ. डाळीत नारळ, भाजीत नारळ, माशाच्या कालवणात तर विचारूच नका. शेंगदाणे यायचे ते उपवासाला, तेही मूठभर. आईचं ठाम मत होतं की आमच्या रक्तालाच दाणा सोसत नाही, पित्त होतं. हे तिला तिच्या आईने सांगितलं होतं. डॉक्टरला कधी कुणी विचारलं नाही, कारण त्यात विचारण्यासारखं काय होतं.

वहिनीचं नाव शोभा. जन्मली-वाढली घाटकोपरला, डोंगरावरच्या चाळीत, पण मूळ घर साताऱ्याकडचं. सुरेशदादा आणि ती एकाच कंपनीत पॅकिंगला होते, तिथे त्यांचं जमलं. आईला कळलं तेव्हा ती दोन दिवस धड जेवली नाही, आणि तिसऱ्या दिवशी म्हणाली, घाटावरची तर घाटावरची, आणा. म्हणाली खरी, पण मनापासून नाही. मीही मनापासून नाही, हे आज लिहायला हरकत नाही. दादा माझ्याहून नऊ वर्षांनी मोठा. लग्नाआधी कामावरून येताना तो माझ्यासाठी चिक्की आणायचा, रोज नाही, पण आणायचा. लग्नानंतर पुडी आली की तिच्यात गजरा असायचा. मी दहावीत होते, अभ्यासाला म्हणून माळ्यावर बसायचे आणि खाली दोघं काय हळू आवाजात बोलतात ते ऐकायचे. पुस्तकाचं एक पान अर्धा तास उलटायचं नाही. पाय हलवत राहायची सवय मला तेव्हा लागली, ती अजून गेलेली नाही.

लग्नानंतरच्या पहिल्या रविवारी वहिनीने सगळा स्वयंपाक केला. दाण्याची आमटी, वर तेलाचा लाल तवंग, आणि बाजरीची भाकरी. मी दोन वाट्या आमटी प्यायले. बाबांनी भात परत घेतला, जे ते कधी करायचे नाहीत. आईने चार घास खाल्ले आणि ताट सारलं. नंतर मोरीत भांडी घासताना ती मला सहज, अगदी वाळत घातलेले कपडे काढ म्हणावं तसं म्हणाली, "दोन वाटये ओढलंस. आता बघ, अंगार पित्त उठतला." मी हसले. कपडे काढायला बाहेर गेले, दोरीवर हात टाकला आणि कोपराच्या आत खाज सुटली. पाचच मिनिटांत दोन्ही दंडांवर गांधी उठल्या, लाल, फुगलेल्या, हाताला गरम लागणाऱ्या. मी किंचाळत घरात आले. आईने आमसुलं भिजवून त्याचा कोळ लावला, पोटाशी धरलं, आणि माझ्या डोक्यावरून ती वहिनीकडे बघत होती. वहिनी ओट्याला टेकून उभी होती. तिने माझ्या हातांकडे पाहिलं आणि स्वतःचे हात पदरात घेतले.

त्यानंतर आमच्याकडे कायदाच झाला. वहिनीने भात लावायचा, भाजी निवडायची, भांडी विसळायची, पण फोडणी आईची. आईने शेजारपाजारी जाहीर केलं की माझी पोर तिच्या हातचं खाणार नाही, पोरीचं दहावीचं वर्ष आहे. बाबांनासुद्धा आंबट ढेकर यायला लागले. एक दादा तेवढा काही न होता जेवायचा, पण त्याला कोण विचारतो, तो प्रेमात होता. वहिनी हट्टी होती. अधूनमधून वाटीभर चटणी, कधी एखादी उसळ करायचीच. मी बोटाचं टोक लावलं तरी उठायचं. पुढेपुढे तर खलबत्त्याचा आवाज आला की मान खाजायची. मी खोटं सांगत नव्हते हो. खाजवून रक्त यायचं, रात्र रात्र झोप नसायची. पण त्याबरोबर दुसरंही एक होतं आणि ते मी कित्येक वर्षं स्वतःलाही सांगितलं नाही. गांधी उठल्या की घर माझ्याभोवती गोळा व्हायचं. दादा धावत जाऊन औषधाची गोळी आणायचा, शेजारी बसायचा, फुंकर घालायचा. मला ते आवडायचं.

मध्यंतरी माझ्या नातवाला कसल्याशा बिस्किटाने पुरळ आलं तेव्हा बोरिवलीतल्या एका डॉक्टरबाईंकडे बसले होते. भल्या बाई. त्यांना मी ही सगळी गोष्ट सांगितली. त्या म्हणाल्या, खरी ॲलर्जी असते ती वेगळी, तिच्याशी खेळायचं नसतं, पण मनाने धसका घेतला की नुसत्या धसक्यानेही काहींच्या अंगावर उठतं, त्यात ढोंग नसतं. मग विचारलं, चिक्की खाऊन कधी काही झालं होतं का. दादाने आणलेली, दाण्याची, पुडी संपेपर्यंत खाल्लेली चिक्की. चिक्की होती म्हणून ती आमच्यापैकी एकाच्याही हिशेबात धरली गेली नव्हती. वाट लावली आम्ही वहिनीच्या पहिल्या वर्षाची, आणि पुरावा आमच्याच तोंडात होता.

आई तेव्हा बाबांच्याच इस्टेटमध्ये एका प्लास्टिकच्या युनिटमध्ये पहिल्या पाळीला जायची. माझा शाळेचा डबा ती जाण्याआधी करून ओट्यावर ठेवायची. दसऱ्यानंतर तिचा उजवा खांदा धरला. वेणी घालताना तिचा हात अर्ध्यावर थांबायचा, पण ती कुणाला सांगायची नाही, विचारलं तर अंगावर यायची. मात्र त्याच सुमारास माझा डबा एकदम झकास यायला लागला. गवार, घेवडा, वांगं, सगळ्यांना अशी दाट, खमंग चव की वर्गातल्या पोरी झाकण उघडायची वाट बघायच्या. मी फुशारकी मारायचे, आईच्या हातची चव आहे, यार. ती चव कशाची ते मला कळलं नाही, हे कुणाला खरं वाटत नाही. पण जिभेलाही आधी कुणीतरी सांगावं लागतं की तू काय खातेयस. मला सांगितलेलं होतं की हे आईचं आहे, म्हणजे नारळाचं आहे. चार महिने मी तो डबा चाटूनपुसून खाल्ला आणि चार महिने शाळेत मला एक गांध उठली नाही.

प्रिलिमच्या आधी एके दिवशी पाठांतराला पहाटे उठले. माळ्यावरून खाली वाकून पाहिलं तर आई खुर्चीत बसून खांदा शेकत होती आणि ओट्याशी वहिनी होती. परातीत कणीक मळून ठेवलेली, कढईत गवार, आणि वहिनी तांदळाच्या डब्यामागून एक बरणी काढून चमच्याने कूट टाकत होती. आईची तिच्याकडे पाठ होती. माझाच डबा उघडा होता, झाकणावर माझं नाव कोरलेला. वहिनीने वर पाहिलं आणि आमची नजरानजर झाली. तिने बरणी लपवली नाही. झाकण लावलं, कढईत परतलं, आणि मला नजरेनेच सांगितलं की गप्प राहा. मी मागे सरकले आणि अंथरुणावर बसून राहिले. आई डबा करू शकत नव्हती, तो वहिनीकडून करून घेत होती, आणि हे घरात कुणाला कळू द्यायचं नव्हतं, कारण एकदा खांदा गेला म्हटलं की फोडणीही गेली. हे सगळं मला एका मिनिटात कळलं. त्यातलं कूट आईला माहीत नव्हतं, हेही कळलं. माझे पाय थांबेनात.

त्या दिवशी मधल्या सुट्टीत डबा उघडला. एक घासही घेतला नव्हता. नुसती गवारीकडे बघत होते, कालही हीच भाजी खाल्ली होती असं स्वतःला सांगत होते, आणि मनगटापासून वर उठत गेलं ते गालापर्यंत. बाईंनी मला घरी पाठवलं. आई पाळीवरून नुकतीच आली होती, दादाला सुट्टी होती, बाबाही घरात. आईने माझं तोंड पाहिलं आणि वहिनीवर धावून गेली, काय खायला घातलंस माझ्या पोरीला. डब्याचं नाव मात्र तिने काढलं नाही. ते काढलं असतं तर खांदा सांगावा लागला असता. वहिनीही बोलली नाही, तिने आईला शब्द दिलेला असणार. आणि मी? भरलेला डबा माझ्या दप्तरात होता. मी तो काढून दाखवायला हवा होता. नाही दाखवला. आई म्हणाली, आता बस, रविवारी हिच्या माणसांना बोलवा, पोरीची परीक्षा होईपर्यंत हिला घेऊन जाऊ देत. परीक्षेपर्यंत म्हणजे काय ते सगळ्यांना ठाऊक होतं. आमच्या ओळखीत अशी थोड्या दिवसांसाठी माहेरी धाडलेली एक बाई चार वर्षं झाली तरी माहेरीच होती. दादा म्हणाला, आई, असं कसं. आई म्हणाली, मग तू ठरव, बहिणीचं वर्ष का बायकोची चटणी. दादा खाली बघत राहिला, आणि त्याचं ते खाली बघणं वहिनीने पाहिलं.

बुधवार ते रविवार मला कशातच थारा नव्हता. पुस्तक उघडायचं, मिटायचं, पाणी प्यायला उतरायचं, न पिता वर जायचं. सांगावं तर आई खोटी ठरते. न सांगावं तर वहिनी जाते. आणि सगळ्यात आत, लाज वाटते पण लिहिते, मनात हेही येत होतं की ती गेली तर दादा पुन्हा पहिल्यासारखा होईल. वहिनी त्या चार दिवसांत माझ्याशी एक शब्द बोलली नाही. तिने माळ्याखाली बसून बॅग भरायला घेतली होती. साड्या घडी करायची, पुन्हा काढायची, पुन्हा घडी. एकदा मी जिन्यावर अडखळले तर तिने धरलं, आणि धरलेला हात लगेच सोडला, माझ्या अंगावर उठेल म्हणून. तेव्हा मला रडू आलं.

रविवारी घाटकोपरहून वहिनीची आई आणि मामा आले. मामा बसमध्ये कंडक्टर, बारीक अंगाचे, बोलायला मोजके. चहा झाला. आईने सुरुवात केली, मग ती भराभर बोलत गेली, तुमच्या पोरीत खोट काढत नाही, पण आमच्यात हे सोसत नाही, बघा तुम्हीच. तिने मला हाक मारली आणि बाहीच वर केली. "चेडवाच्या अंगार बघा काय उठलाहा ता." बुधवारचे डाग अजून होते. वहिनीच्या आईने तोंडाला पदर लावला. मामांनी माझ्या दंडाकडे नीट पाहिलं, मग माझ्या तोंडाकडे, आणि म्हणाले, पोरी, तू सांग, शोभाच्या हातचं खाल्लं की होतं का तुला असं. खोलीत सगळे माझ्याकडे बघत होते. वहिनी बॅगेशेजारी जमिनीवर बसली होती, ती एकटी बघत नव्हती.

मी म्हणाले, "चार महिने माझा डबा वहिनी करतेय. त्यात दाण्याचं कूट असतं. मी रोज खाते. मला काही झालं नाही."

आणि हे बोलता बोलताच माझ्या गळ्यावर उठायला लागलं. मला ते कळत होतं, थांबवता येत नव्हतं. मान, गाल, हातांच्या पाठी, सगळ्यांच्या डोळ्यांदेखत. सकाळपासून माझ्या पोटात चहासुद्धा नव्हता. मी दोन्ही हात पाठीमागे लपवले. मग दादा उठून उभा राहिला. तो माझ्यावर कधी ओरडला नव्हता, तेव्हाही ओरडला नाही, हळूच म्हणाला, "म्हणजे इतके दिवस तू नाटक करत होतीस?" त्याच्या तोंडचा तो शब्द मला चपराकीपेक्षा जास्त लागला. मी मान हलवत राहिले, नाही म्हणून, पण हे अंगभर उठलेलं घेऊन नाही म्हणायचं तरी कसं, आणि हो म्हणायचं तरी कसं.

तेव्हा वहिनी बोलली. लग्नानंतर पहिल्यांदाच ती त्या खोलीत सगळ्यांना ऐकू जाईल असं बोलली.

"नाटक नाही करत ती. बघताय ना, काही न खाता उठलंय. असं कुणाला मुद्दाम आणता येतं का? माझ्या हातचं सोसतं तिला. माझं नाव सोसत नाही."

मामांनी कप खाली ठेवला आणि आईला विचारलं, विहीणबाई, डबा कोण करत होतं. आई माझ्याकडे बघत होती, माझ्या गळ्याकडे. आमसुलं आणायला उठायचं तिच्या मनात आलं होतं, मला दिसलं, पण ती उठली नाही. बाबांनी पेपर बाजूला केला. आईने डाव्या हाताने उजवा खांदा धरला आणि म्हणाली, "तीच करी होती. मीच सांगलंय तिका. माजो हात वर जायना." एवढं बोलून ती रडायला लागली, आणि मी तिला इतक्या माणसांसमोर रडताना त्याआधी कधी पाहिलं नव्हतं. वहिनी उठून तिच्याजवळ गेली नाही. जायला हवं होतं असं तेव्हा मला वाटलं. आता वाटत नाही.

वहिनी माहेरी गेली नाही आणि आमच्याकडे राहिलीही नाही. तिने दादाला सगळ्यांसमोर सांगितलं, मी तुझ्याबरोबर राहीन, पण जिथे माझं जेवण रोज कुणाच्या तरी अंगावर तपासलं जातं तिथे नाही. महिन्याभरात त्यांनी दहिसरला नदीजवळ भाड्याने खोली घेतली. आई माझा डबा त्याच खांद्याने करत राहिली, वाईट व्हायचा, मी खायचे. पोरींनी झाकणाकडे बघणं सोडलं. मी पास झाले, कशीबशी.

परीक्षा संपल्यावर मी एकटीच बसने दहिसरला गेले. दादा कामावर होता. वहिनीने दार उघडलं, आत घेतलं, पंखा लावला. तिने ताट वाढलं, भाकरी आणि वांग्याची भाजी, कूट भरपूर घातलेली, लपवलेलं काही नव्हतं. मला सगळं माहीत होतं. माझं अंग कसं वागतं, का वागतं, मी स्वतःच्या तोंडाने चारचौघांत सांगितलं होतं. तरी पहिल्या घासाला कोपराच्या आत खाज सुटली. मी हात तसाच धरून बसले आणि मला रडू फुटलं.

"वहिनी, अजून उठतंय गं," मी म्हणाले. "मला माहीत आहे तरी उठतंय. मी काय करू?"

ती समोर तिचं ताट घेऊन बसली होती. तिने माझ्या दंडाकडे पाहिलं, लगेच नजर काढून घेतली नाही, नीट पाहिलं.

"उठू दे," ती म्हणाली. "तू जेव."

एका हाताने दंड खाजवत मी ताट संपवलं, आणि अजून भाजी मागितली.